चालतं यंत्र बाद कोण ठरवतं?

यंदा श्रावणात आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. या वाचनालयात दोन संगणक आहेत. एका कार्यालयाने भंगारात काढलेले, पेंटियम फोर जातीचे. 2011 मध्ये मी ते तिथे नेऊन बसवले, त्यांवर डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम चढवली आणि पुस्तकांची यादी त्यांत भरून दिली. दर दोन-अडीच वर्षांनी डेबियनची नवी आवृत्ती निघते. ती निघाली की मी एसटीने जायचं, दिवसभर बसून ती चढवायची, बाईंच्या घरचा चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं, असा आमचा शिरस्ता. 9 ऑगस्टला तेरावी आवृत्ती आली, तेव्हा मात्र मी कळवलं की या खेपेला येत नाही, कारण नवी आवृत्ती या यंत्रांवर चढणारच नाही.

बाई म्हणाल्या, “सर, पण दोन्ही मशिनं चालतायत की. बिघडलंय काय?”

“बिघडलेलं काही नाही. त्या घराण्याचा पाठिंबा काढून घेतलाय.”

“कोणी काढला?”

या प्रश्नाला मी फोनवर धड उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. मी संगणकशास्त्र कुठे शिकलेलो नाही. बी.कॉम. झाल्यावर छापखान्यात लागलो, खिळे जुळवणाऱ्यांची शेवटची पिढी पाहिली, मग डीटीपी केलं. जे काही कळलं ते यंत्रं उघडून आणि इतरांचे प्रोग्रॅम वाचून. वाचता आले, कारण ते मुक्त होते.

आधी ‘घराणं’ या शब्दाविषयी. तंत्रज्ञ ज्याला आर्किटेक्चर म्हणतात त्याला मी घराणं म्हणतो. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक प्रोसेसर असतो आणि त्याला मोजक्याच आज्ञा कळतात: ही संख्या उचल, तीत ती मिळव, तिथे ठेव. या आज्ञांची भाषा प्रोसेसरच्या कुळागणिक निराळी असते. बहुतेक घरगुती संगणकांत इंटेलने सुरू केलेलं घराणं असतं, आपल्या खिशातल्या फोनमध्ये आर्म नावाचं. एकासाठी बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तर ते निव्वळ निरर्थक आकडे ठरतात. दोघांचा राग एकच असला तरी बंदिशीचा कागद एकमेकांना वाचता येऊ नये, तसं.

यावर तोड अशी, की प्रोग्रॅम थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहायचाच नाही. तो माणसाला वाचता येईल अशा मधल्या भाषेत लिहायचा आणि कंपायलर नावाच्या भाषांतरकाराकडून हव्या त्या घराण्याच्या भाषेत उतरवून घ्यायचा. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मली तेव्हा ती थेट यंत्राच्याच बोलीत होती. 1973 मध्ये तिचा गाभा सी या भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि 1977 च्या सुमारास ती इंटरडेटा नावाच्या, मूळ यंत्राशी काही नातं नसलेल्या संगणकावर उतरली. तोपर्यंत यंत्र आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम ही जन्माची जोडी असे. यंत्र मोडीत गेलं की सिस्टिम सती जायची.

ही कल्पना कागदावर सोपी वाटते, पण खरी गंमत आणि खरा त्रास पुढे आहे. भाषांतरकार कितीही चांगला असला तरी मूळ लेखकाने नकळत आपल्याच यंत्राच्या सवयी लिखाणात पेरलेल्या असतात.

त्यातली सर्वांत प्रसिद्ध सवय समजून घ्यायला मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा कमी कष्ट पडतील. 25 हा आकडा लिहिताना आपण आधी दोन लिहितो, मग पाच. बोलताना मात्र आधी पाच येतात, मग वीस: पंचवीस. संगणकातही मोठी संख्या एका खणात मावत नाही, ती अनेक खणांत विभागून ठेवावी लागते. काही घराणी मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान. इंटेलचं घराणं ‘पंचवीस’वालं आहे, म्हणजे लहान टोक आधी. आयबीएमचे मोठे मेनफ्रेम संगणक लिहिण्याच्या क्रमाने चालतात, मोठं टोक आधी. युनिक्स ज्यावर वाढली त्या पीडीपी-11 यंत्राची तऱ्हा तिसरीच होती. आपल्याकडची जुनी माणसं 4321 ला ‘त्रेचाळीसशे एकवीस’ म्हणतात. ऐका: तीन, चाळीस, एक, वीस. जोड्यांचा क्रम मोठ्याकडून लहानाकडे, पण प्रत्येक जोडीच्या आत लहान आधी. पीडीपी-11 मोठ्या संख्या नेमक्या याच क्रमाने साठवत असे. आमच्या आजोबांच्या बाजारहिशेबाची तऱ्हा एका अमेरिकन यंत्रात सापडली तेव्हा मला झालेला आनंद इथे सांगायला हरकत नाही.

या टोकांच्या भांडणाला नाव मिळालं ते जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मुळे. 1726 च्या त्या पुस्तकात अंडं मोठ्या टोकाने फोडावं की लहान, यावरून दोन पक्षांत युद्धं होतात. डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने 1980 मध्ये एका टिपणात हीच उपमा प्रोसेसरांना लावली आणि ती चिकटली. युनिक्स पहिल्यांदा परक्या यंत्रावर चालू केली तेव्हा पडद्यावर ‘युनिक्स’ऐवजी ‘नक्सी’ उमटलं, अशी गोष्ट या क्षेत्रात सांगतात. इंग्रजी चार अक्षरांच्या दोन जोड्या आतल्या आत उलटल्या होत्या. आपल्या लिपीत हाच अपघात ‘कमलनयन’ला झाला, तर ‘मकनलनय’ होईल.

हे सगळं मी पुस्तकात वाचून समजलो असतो तर विसरलोही असतो. माझ्या लक्षात राहिलं ते फजितीमुळे.

मी जिथे कामाला होतो तो छापखाना बंद झाला, तेव्हा मालकांनी शेवटच्या दोन पगारांऐवजी मला तिथला पॉवर मॅकिंटॉश दिला. त्यात पॉवरपीसी नावाच्या घराण्याचा प्रोसेसर होता. मोठ्या टोकाचा. त्यावर चालणारं नवं सॉफ्टवेअर मिळेनासं झालं होतं, पण डेबियन मिळत होती. ती चढवली. त्याच सुमारास एका छोट्या प्रकाशकाच्या जुन्या पुस्तकांच्या फायली युनिकोडमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं. युनिकोडच्या आधी प्रत्येक मराठी फाँटची अक्षरांची मांडणी आपापली असे. इंग्रजी अक्षरांच्या जागी आणि त्यापलीकडच्या 255 पर्यंतच्या क्रमांकांवर काना-मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं कोंबलेली असत. मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो फाईलमधून एकेक क्रमांक उचलायचा आणि त्याचं युनिकोड अक्षर लिहायचा. घरच्या इंटेल यंत्रावर त्याने चाळीसेक पुस्तकं भराभर उलटवून दिली. मी खूश, प्रकाशक खूश.

काही महिन्यांनी तोच प्रोग्रॅम मी पॉवर मॅकवर बांधून चालवला. तो थांबेचना. फाईल संपली तरी पडद्यावर कचरा ओततच राहिला. मी यंत्राला दोष दिला, मेमरी बदलली, दोन रात्री घालवल्या. मग कळलं की दोष माझा होता.

फाईल संपल्याची खूण म्हणून सी भाषेत सहसा उणे एक ही संख्या मिळते. ती खूण आणि अक्षराचा क्रमांक दोन्ही मी एका अक्षरापुरत्या लहान डबीत ठेवत होतो. ही डबी उणे संख्या धरते की नाही, हे सी भाषेने प्रत्येक घराण्यावर सोपवलं आहे. पॉवरपीसीवरच्या लिनक्समध्ये ती 0 ते 255 एवढंच धरते. उणे एक तिच्यात मावतच नाही, त्याचे 255 होतात, आणि शेवटाची खूण कधीच ओळखू येत नाही. म्हणून न थांबणं.

इंटेलवर तीच डबी उणे 128 ते अधिक 127 धरते. तिथे उणे एक नीट मावतो, पण 255 क्रमांकाचं अक्षर आलं तर तेसुद्धा उणे एकसारखंच दिसतं. म्हणजे माझा प्रोग्रॅम ते अक्षर दिसताच फाईल संपली असं समजून गुपचूप थांबत होता. मी फाँटचा तक्ता काढला. 255 वर ‘वाङ्मय’ या शब्दात लागतं ते जोडाक्षर होतं.

चाळीस पुस्तकं पुन्हा तपासली. बहुतेक कथा-कादंबऱ्यांत हा शब्द नव्हताच, त्या वाचल्या. पण आठवणींची दोन पुस्तकं मध्येच तुटलेली निघाली. दोन्ही लेखकांनी आपल्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळाचा उल्लेख केला होता आणि दोघांचंही आयुष्य माझ्या प्रोग्रॅमने तिथेच संपवलं होतं. एकाची मूळ सीडी शाबूत होती. दुसऱ्याची तोवर वाचता येईनाशी झाली होती. ती साठ-सत्तर पानं मी छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केली, आणि ती प्रत प्रकाशकाकडे एकच उरली होती.

इंटेल यंत्रावर ही चूक नव्हती असं नाही. तिथे ती दिसत नव्हती, एवढंच. दुसऱ्या घराण्याच्या यंत्राने ती आरडाओरडा करून दाखवली. अनेक घराण्यांवर एकच सिस्टिम चालवण्याच्या खटाटोपाचा सर्वांत मोठा फायदा हा आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. जुन्या यंत्रांवर दया दाखवणं हा त्यातला लहान भाग.

मोठ्या प्रमाणावर हेच लिनक्सच्या बाबतीत घडलं. लायनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला तो इंटेल 386 साठी. तो दुसऱ्या यंत्रांवर नेता येणार नाही, असं त्याने पहिल्याच जाहीर संदेशात सांगून टाकलं होतं. पुढे डिजिटल या कंपनीतल्या जॉन हॉल यांनी त्याला अल्फा घराण्याचं एक यंत्र मिळवून दिलं. अल्फा 64 बिटांचं होतं, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांसाठी दुप्पट लांबीचे आकडे वापरणारं. 32 बिटांच्या इंटेलवर साधी संख्या आणि मेमरीतला पत्ता एकाच मापाचे असल्याने लोक बिनदिक्कत पत्ता संख्येच्या डबीत ठेवत. अल्फावर पत्त्याचं अर्धं अंग कापलं जाई आणि प्रोग्रॅम तिथेच कोसळे. 1995 च्या मार्चमध्ये आलेल्या 1.2 या आवृत्तीत अल्फाबरोबर स्पार्क आणि मिप्स ही घराणीही आली. स्पार्कला आणखी एक शिस्त होती: संख्या ठरलेल्या सीमेवरच ठेवलेली हवी, तिरपी ठेवली तर ते काम नाकारायचं. इंटेल असलं सगळं चालवून घेतं.

अल्फा बाजारात टिकलं नाही. डिजिटल 1998 मध्ये कॉम्पॅकने घेतली आणि 2001 मध्ये कॉम्पॅकने अल्फा आवरतं घेण्याचं जाहीर केलं. पण 2003 मध्ये एएमडीने इंटेल घराण्यालाच 64 बिटांची शाखा फोडली, तेव्हा लिनक्स आणि तिच्यावरची कितीतरी सॉफ्टवेअर्स आधीच अल्फावर घासूनपुसून तयार होती. आज आपण वापरतो ते बहुतेक लॅपटॉप या शाखेचे आहेत. अल्फाच्या नावाचा त्यांवर कुठे उल्लेख नसतो.

आता डेबियनकडे वळतो, कारण बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. 1993 मध्ये इयान मर्डॉक याने सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात. सुरुवातीला तो फक्त इंटेलपुरता होता. 1998 मध्ये मोटोरोलाचं 68000 घराणं आलं, म्हणजे अमिगा, अटारी आणि जुने मॅक. पुढच्या वर्षी अल्फा आणि स्पार्क, 2000 मध्ये पॉवरपीसी आणि आर्म, आणि 2002 च्या आवृत्तीत ही संख्या अकरावर गेली.

अकरा घराणी सांभाळायची म्हणजे काय, याची बाहेरच्या माणसाला कल्पना येत नाही. डेबियनमध्ये हजारो प्रोग्रॅम असतात. त्यांपैकी एखाद्यात सुधारणा झाली, की तो प्रत्येक घराण्याच्या यंत्रावर नव्याने बांधावा लागतो. त्यासाठी जगात ठिकठिकाणी बांधकामाची यंत्रं अहोरात्र चालू असतात. नियम असा, की मान्यताप्राप्त घराण्यांवर प्रोग्रॅम नीट बांधला गेल्याखेरीज तो पुढच्या आवृत्तीच्या रांगेत जात नाही. वारीत दिंडी सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने जाते, तसं. इंटेलवर तासाभरात होणाऱ्या बांधकामाला 68000 वर दिवसचे दिवस लागत. एका घराण्यासाठी सगळे खोळंबत. 2002 नंतरची आवृत्ती निघायला जून 2005 उजाडलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये, कॅनडातल्या व्हँकूव्हर इथल्या एका बैठकीतून एक प्रस्ताव आला. पुढच्या आवृत्तीपासून अकरांऐवजी चारच घराण्यांना मुख्य प्रवाहात ठेवावं: इंटेलचं जुनं 32 बिटांचं, एएमडीचं नवं 64 बिटांचं, पॉवरपीसी आणि इंटेलचं आयटेनियम. बाकीच्यांची व्यवस्था दुसऱ्या वर्गाच्या डब्यात. निकष वाजवी होते. घराण्याची यंत्रं बाजारात नवी विकत मिळाली पाहिजेत, दोनाहून जास्त बांधकामयंत्रांची गरज पडता कामा नये, वगैरे. स्वयंसेवकांत प्रचंड वाद झाला आणि प्रस्ताव त्या रूपात अमलात आला नाही. 2007 च्या आवृत्तीतून एकटं 68000 गळलं.

आज वीस वर्षांनंतर ती चार नावं पुन्हा वाचावीत. ज्या आयटेनियमवर भविष्य म्हणून बोट ठेवलं होतं ते डेबियनमधून 2015 मध्ये गेलं. लिनक्सच्या गाभ्यानेही 6.7 या आवृत्तीत त्याचा पाठिंबा काढून टाकला. पॉवरपीसीचं जुनं 32 बिटांचं रूप 2017 मध्ये गेलं. इंटेलचं 32 बिटांचं घराणं यंदा ऑगस्टमध्ये गेलं. चारांतलं एकच उरलं, एएमडीचं. आणि ज्यांना दुसऱ्या वर्गात बसवायचं होतं त्यांतलं आर्म? 2012 च्या फेब्रुवारीत रास्पबेरी पाय हा 35 डॉलरचा, पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक आला. त्यात आर्म प्रोसेसर होता, आणि त्यावर मुलांनी पहिल्यांदा जी सिस्टिम पाहिली ती डेबियनवरूनच केलेली होती. 2005 मध्ये आर्मची सांभाळणूक सोडली असती तरी कोणी ना कोणी पुन्हा उभी केली असती, हे मान्य. पण ती तयार होती. शहाण्या, अनुभवी माणसांनी बाजार पाहून केलेला अंदाज चारांपैकी तीन ठिकाणी चुकला, यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. 2005 मध्ये मीही तेच म्हटलं असतं.

म्हणून जुनं काहीच टाकू नये का? इथे माझं मत अनेक मुक्त-सॉफ्टवेअरवाल्या मित्रांना आवडत नाही. टाकावं लागतं. टोर्वाल्ड्सने 2012 च्या डिसेंबरमध्ये 386 चाच पाठिंबा काढला, म्हणजे ज्या यंत्रावर लिनक्स जन्मली त्याचाच. 2018 मध्ये 4.17 या आवृत्तीतून एकदम आठ घराणी गेली आणि त्यांची नावं ऐकलेली माणसंही थोडी असतील. कोणी वापरत नाही, कोणी तपासत नाही असा प्रोग्रॅमचा भाग हा ओसाड वाड्यासारखा. त्याची डागडुजी शेजाऱ्यांनाच करावी लागते, आणि साप निघतात ते वेगळंच.

32 बिटांच्या घराण्यांची अडचण तर सरळ हिशेबाची आहे. 32 बिटांत जास्तीत जास्त चार जीबी एवढ्या जागेचे पत्ते मावतात. इंटरनेट ब्राउझरसारखा अवाढव्य प्रोग्रॅम बांधताना कंपायलरलाच आता तेवढी जागा पुरत नाही. 32 बिटांच्या मिप्सवर तर प्रोग्रॅमच्या वाट्याला दोनच जीबी येत. तेही घराणं यंदाच्या आवृत्तीत नाही.

दुसरी अडचण काळाची. या सिस्टिममध्ये वेळ म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून उलटलेले सेकंद. 32 बिटांच्या डबीत ते 2,147,483,647 पर्यंतच मावतात. भारतीय वेळेप्रमाणे 19 जानेवारी 2038 रोजी सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी ती डबी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला यंत्र 1901 सालच्या डिसेंबरात जाईल. 2024 मध्ये डेबियनने 32 बिटांच्या आर्मसाठी ही डबी रुंद केली. तिच्याशी जोडलेला प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागला, आणि अनेक महिने त्यात गेले. इंटेलच्या 32 बिटांसाठी मात्र ती मुद्दाम रुंद केली नाही. त्या घराण्याचा आता उरलेला उपयोग म्हणजे फार पूर्वी बांधून ठेवलेले, ज्यांचा मूळ मजकूर हाती नाही असे प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर चालवणं. डबी बदलली असती तर नेमके तेच मोडले असते. या घराण्याचे तयार प्रोग्रॅम तेराव्या आवृत्तीतही मिळतात ते त्याच कामापुरते. ते यंत्र स्वतःच्या पायावर उभं करणारा गाभा आणि चढवण्याची सामग्री आता मिळत नाही. निर्णय बरोबर आहे. वाचनालयातल्या पेंटियमवर त्याने कायमची रेघ ओढली, हेही तितकंच खरं.

कधी कधी रेघ अशी ओढली जाते की ओढणाऱ्याला पत्ताही नसतो. 2021 च्या फेब्रुवारीत पायथन भाषेतल्या, गुप्तलेखनाच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संचाने आपला काही भाग सी ऐवजी रस्ट या भाषेत लिहिला. कारण उत्तम होतं. सी मध्ये माझ्यासारख्याच्या हातून होतात तशा चुका रस्ट होऊच देत नाही. पण रस्टचा भाषांतरकार अल्फा किंवा 68000 जाणत नव्हता. एका रात्रीत त्या घराण्यांवरचे अनेक प्रोग्रॅम बांधता येईनासे झाले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मूळ मजकूर मिळतो, दुरुस्तीचा हक्क मिळतो, पण कंपायलर तुमच्या घराण्याची भाषा बोलत नसेल तर तो हक्क कपाटातच राहतो.

या प्रश्नाला आपल्या देशाचं एक टोक आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यात अडथळे आणले, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 बांधला तो ट्रान्सप्युटर या ब्रिटिश प्रोसेसरांवर. ते घराणं विझत गेलं आणि पुढचा परम 9000 स्पार्कवर न्यावा लागला. परक्याचं घराणं कधी बंद होईल हे आपल्या हातात नसतं. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रिस्क-फाइव्ह हे घराणं सुरू झालं. त्याची आज्ञाभाषा कोणालाही परवान्याशिवाय वापरता येते. मद्रासच्या आयआयटीचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ हे प्रोसेसर त्यावरच बेतलेले आहेत. प्रोसेसर बांधला तरी त्यावर चालवायला हजारो प्रोग्रॅम हवेत, आणि तितके लिहिणं एका संस्थेला, एका देशालाही झेपणारं नाही. ते तयार मिळतात, कारण तीस वर्षं कोणीतरी अल्फावर, स्पार्कवर, 68000 वर हेच प्रोग्रॅम बांधत, मोडत, दुरुस्त करत बसलं होतं. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत इंटेलचं 32 बिटांचं घराणं गेलं आणि त्याच आवृत्तीत 64 बिटांचं रिस्क-फाइव्ह पहिल्यांदा अधिकृत झालं. एकूण सात. त्या सातांत मोठ्या टोकाचं एकच उरलंय, आयबीएमच्या मेनफ्रेमचं. टोकांच्या चुका ओरडून दाखवण्याची चौकी आता त्याच्या एकट्याकडे.

तर, पाठिंबा कोणी काढला?

एखादं घराणं नव्या यंत्रांवर चढवणाऱ्या, तिथे ते जिवंत ठेवणाऱ्या स्वयंसेवकांना डेबियनमध्ये ‘पोर्टर’ म्हणतात. मला पहिल्यांदा वाचताना स्टेशनावरचे हमालच आठवले, आणि काम पाहिल्यावर शब्द चुकीचा वाटला नाही. आवृत्ती ठरवणारी मंडळी वेळोवेळी विचारतात, की या घराण्याचा भार घ्यायला कोण तयार आहे? ज्यांना हमाल मिळत नाहीत ती घराणी गळतात. पॉवरपीसीचं 2017 मध्ये बऱ्याच अंशी असंच झालं. त्या वेळी माझा पॉवर मॅक चालू स्थितीत होता. विचारणा मी वाचली होती. इंग्रजीत पत्र लिहायचं, शिवाय आपण कुठे शिकलेले, असं म्हणत मी नाव दिलं नाही. ते यंत्र आता माझ्या माळ्यावर आहे. 68000 वाल्यांनी मात्र 2007 मध्ये बाहेर काढल्यावरही आपलं घराणं सोडलं नाही. अधिकृत यादीबाहेर ते आजही चालू आहे, बांधकामासाठी आधुनिक यंत्रावर त्या प्रोसेसरचं सोंग आणून.

गणपतीनंतर मी वाचनालयात जाऊन आलो. बाराव्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या जून 2028 पर्यंत मिळणार आहेत, तोवर दोन्ही यंत्रं आहेत तशीच चालतील. पुस्तकांची यादी मी साध्या मजकुराच्या फाईलमध्येही उतरवून ठेवली, कुठल्याही घराण्याच्या यंत्राला वाचता येईल अशी, आणि या खेपेला शेवटच्या ओळीपर्यंत तपासली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून जडसंग्रह नोंदवही काढली आणि दोन्ही संगणकांपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: चालू स्थितीत, जून 2028 पर्यंत. मग मला म्हणाल्या, “माळ्यावरचं ते दुसरं मशीन चालतं का अजून?”

मी पाहून सांगतो म्हणालो.